गुरुलिंगअप्पांचं नाणं

आमच्या चाकुरात पाहुणा आला की आधी पाणी देतात. शेजारचे गुरुलिंगअप्पा नाणं देतात. हातावर ठेवतात आणि म्हणतात, "नीट बघ." बघून झालं की काढून घेतात, मग पाणी.

त्यांचा बसवराज समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला आहे. देशाच्या तेलउद्योगाच्या गौरवाचं नाणं निघालं, ते कंपनीनं कामगारांना वाटून दिलं, आणि बसवराजनं त्याच्या वाट्याचं कुरिअरनं बापाला पाठवलं. एका बाजूला सिंह, दुसरीकडं समुद्रात उभा लोखंडी मनोरा. झालं! तेव्हापासून अप्पांच्या डोक्याचा भुगा झालाय, आणि माझ्याही.

"आपण हितं बोअर मारून मारून दमलो, निघतोय फुफाटा. ते लोक पाण्यात भोक पाडायलेत, आन् निघतंय तेल! मला तर काई कळंना झालंय बघ."

मला तरी कुठं कळतंय? पण शेजारधर्म म्हणून मी मान हलवतो.

नाण्यावर शंभर रुपये छापलंय. खरं का खोटं बघायला अप्पांनी ते किराणा दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, चालत नाही. मग मला धरून बँकेत नेलं. साहेब म्हणाले, खरं आहे, पण खर्चायचं नसतं.

"मंग हाय कशाला?"

"आठवण म्हणून, काका."

"आठवण तर फुकटबी येतीय की!"

साहेब जेवायला निघून गेले. घरी काकूंनी नाणं देव्हाऱ्यात ठेवलं, तर अप्पा भडकले. "देव हाय व्हय त्यो?" आणि परत खिशात घातलं.

बसवराज येळवशीला नक्की येतो म्हणाला होता. त्या अमावस्येला आमच्याकडं झाडून सारा गाव शेतात जेवतो, परगावची पोरंसुद्धा घरी येतात. अप्पांनी आठवडाभर आधीच शेतात पूजेसाठी कडब्याची कोप उभी केली. आदल्या दिवशी फोन आला, सुट्टी नाही. अप्पा नुसतं "हाव, हाव" म्हणाले आणि फोन काकूंकडं दिला.

येळवशीला शेतात पंगत बसली. माझ्या ताटात भज्जी पडते न पडते तोच अप्पांनी मला दंडाला धरून बांधावर नेलं. हातावर नाणं!

"अहो अप्पा, जेवू तर द्या! किती बार बघायचं एकच नाणं?"

"मोबाईलवर फोटू काढ. मोठा कर. ह्यात माणसं दिसत्यात का?"

मी मोठा केला. कठडे, जिने, साखळ्या, सगळं बारीक कोरलेलं. माणूस मात्र एकही नाही. अप्पा माझ्या तोंडाकडं बघत उभे. दिलं ठोकून, "हाय की! वर, जिन्याच्या टोकाला एकजण उभा हाय."

अप्पांनी मान हलवली.

"मंग त्यो आमचा न्हवं. बसूला उंचीचं लई भ्या हाय रे, लिंबाच्या झाडावरबी न्हाई चढला कधी." आणि मोबाईल पुन्हा माझ्यापुढं सारला. "खालच्या अंगाला बघ की. जेवाय बसला असंल आता."