यज्ञेश्वरशास्त्रींच्या पॅकार्डचा टायर

यज्ञेश्वरशास्त्रींच्या पॅकार्ड मोटारीचा पुढचा डावा टायर सकाळी सातला दारातच फुटला, तेव्हा पंचवटीतली सगळी कबुतरं उडाली आणि शेजारच्या दिवाकरभटजींना कित्येक दिवसांनी कडकडून भूक लागली.

"इंदूरच्या अण्णासाहेबांची गाडी अकराला येते ना?" त्यांनी कुंपणावरून विचारलं. "टांगा सांगू का तुम्हाला?"

"टांग्यात बसणारे यजमान तुमचे. आमचे नाहीत."

शास्त्रीबुवांनी ही मोटार विकत घेतली नव्हती. विकत घेण्याइतके ते खुळे नव्हते. फुकट घेण्याइतके मात्र होते. गेलेल्या माणसाची गादी, छत्री, जोडा उपाध्यायाला दान देतात. एका संस्थानिकाच्या मुलानं वडिलांच्या तेराव्याला त्यात मोटारही घातली. पाया पडताना त्याला हसू आवरत नव्हतं म्हणे. अमेरिकेत ही मोटार अठ्ठावन्न सालीच निघायची बंद झाली होती आणि इथं तर एकोणऐंशी उजाडलं होतं. लांबी एवढी, की पुढचे दिवे पंचवटीत पोचले तरी मागचे अजून गोदावरीच्या पलीकडेच असायचे. ती ठेवायला शास्त्रीबुवांनी गोठा रिकामा केला, गाय विकली. तेव्हापासून इंदिराबाई त्यांना डेअरीच्या दुधाचा पाणचट चहा द्यायच्या, तोही दुसरीकडे बघत.

आज गोठ्याचे पांग फिटणार होते. अण्णासाहेब वडिलांच्या वर्षश्राद्धाला खरीखुरी दुभती गाय दान देणार होते. त्यांच्या सांगण्यावरून सायखेड्याच्या पुंजारामनं ती पहाटेच बैलगाडीमागं बांधून आणली होती. इंदिराबाईंनी तिला चारा घातला, हळदकुंकू लावलं आणि कपिला असं नावही ठेवून टाकलं.

"यजमान दिवाकररावांच्या टांग्यात चढला की गाय गेली," त्या म्हणाल्या. "मुकाट्यानं टांगा बोलवा."

"पत्रात लिहिलंय मी, मोटार घेऊन येतो म्हणून!"

"मग मोटारीचं दूध काढा."

गंगापूर रोडचा गोटीराम टायरवाला आला. त्यानं मोटारीला एक प्रदक्षिणा घातली आणि तेवढ्यात दमला.

"बुवा, या मापाचा टायर हिंदुस्थानात नाय."

"अमेरिकेत?"

"तिथं मोटारच मेली. मेलेल्याला जोडा कोण करतं?"

"आमच्यात करतात!" शास्त्रीबुवा खेकसले. तेवढ्यात त्यांची नजर पुंजारामच्या बैलगाडीच्या रबरी चाकावर गेली.

"माझा टायर?" पुंजाराम ओरडला. "आन् बैलांनी काय भजन करायचं?"

पण यजमानाशिवाय आपल्या गायीलाही गिऱ्हाईक नाही, हे त्याला कळत होतं. गोटीरामनं त्याचा टायर काढला, आत पोती कोंबून पॅकार्डला चढवला. मोटार डावीकडून हातभर उंच झाली आणि पान थुंकायला निघाल्यासारखी उजवीकडे कलली. चालूही झाली, पण जायची उजवीकडेच. स्टेशनच्या वाटेवर द्वारका चौकात तिनं सात फेरे घेतले. आठव्याला पोलिसानं शिट्टी तोंडातून काढून हात जोडले.

रिकामे बैल हाकत मागून आलेला पुंजाराम म्हणाला, "बुवा, नाक सरळ धरायला पुढं बैलं जुंपा. नाय तर हितंच चातुर्मास व्हईल."

अशी ती अमेरिकन मोटार दोन खिल्लारी बैलांमागून, आत ताठ बसलेल्या शास्त्रीबुवांसकट, पावणेबाराला नाशिकरोड स्टेशनात आली. दिवाकरभटजी अण्णासाहेबांची ट्रंक टांग्यात ठेवतच होते. अण्णासाहेबांचा एक पाय पायरीवर होता. तो खाली आला. डोळे भरून आले.

"पॅकार्ड! बाबांचीही हीच होती हो. आठ वर्षं विटांवर उभी आहे, टायर मिळत नाहीत. तुम्हाला मिळतात?"

इथं खरं बोलून चाललं असतं. पण दिवाकरभटजी ऐकत होते.

"टायर?" शास्त्रीबुवा हसले. "हवे तेवढे! बैल काय, आपल्या मानासाठी जुंपलेत."

अण्णासाहेबांनी भर स्टेशनात त्यांचे पाय धरले. दुसऱ्या दिवशी रामकुंडावर हातावर पाणी सोडून त्यांनी वडिलांची पॅकार्ड शास्त्रीबुवांना दान केली.

"आणि गाय?" शास्त्रीबुवांनी हळूच विचारलं.

"ती दिवाकरभटजींना. तुमच्या गोठ्यात जागा कुठं आहे आता?"

संध्याकाळी दिवाकरभटजी कपिलेचं दावं सोडून घेऊन गेले. जाताना तिनं अंगणात शेण तेवढं टाकलं. पाठोपाठ पुंजाराम टायर न्यायला आला.

"बुवा, इंदूरची मोटार आणायला बैलं किती धाडू?"

इंदिराबाईंनी दोघांपुढं चहा ठेवला. पुंजारामच्या कपात दूध होतं.