रंभाजी मिस्त्रींचा भरलेला पेला

तिसगावचे रंभाजी मिस्त्री गाडीचा सुटा भाग घेण्याआधी त्यावर काठोकाठ भरलेला पेला ठेवून बघत. नगरच्या भंगारबाजारात निघाले की पिशवीत पान्यांच्या जोडीला तो पितळी पेला असायचाच.

त्या वर्षी त्यांना जुन्या जीपची चारही चाकं ओढती करायची होती. पुढचा एक्सल मिळाला होता. अडलं होतं ट्रान्सफर केसपाशी, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या डब्यापाशी. मी शेजारी, शाळामास्तर, रविवारी रिकामा. ओझं उचलायला माझी नेमणूक परस्पर झाली.

लष्करातून निघालेल्या मालाच्या ढिगातून मिस्त्री एकेक डबा काढत, वर पेला ठेवत आणि दांडा हाताने फिरवत. पाणी सांडलं की, "हिसका देतोय. दुसरा दावा!" चार रविवार हेच. दुकानदार वैतागला.

"मिस्त्री, जीप काढायचीय का पाणपोई?"

"दमानं चढनारा पायजे. पळनारे लई हायेत."

पाचव्या रविवारी दोन थेंबांपायी चांगला डबा नाकारला, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "बायको करताना तरी एवढी पारख केलीत का?"

"न्हाई. तवा तिनं केली हुती."

सहाव्या रविवारी थेंबही सांडला नाही. मिस्त्रींनी ते पाणी पिऊन टाकलं आणि डब्याची जड बाजू माझ्याकडे दिली.

जीप जोडून झाली तेव्हा खरं कळलं. त्यांच्या पत्नी कौसाबाई विहिरीच्या पायऱ्यांवरून पडून कमरेने अधू झाल्या होत्या. माहेर डोंगरावरच्या वस्तीवर, वाट नुसती खडकांची. वर म्हातारी आई, तिला दिसत नाही. चार वर्षं भेट नव्हती. डोलीचं नाव काढलं की बाई म्हणायच्या, "मेल्यावानी चौघांच्या खांद्यावर न्हाई जायची मी."

निघताना मिस्त्रींनी भरलेला पेला त्यांच्या हाती दिला. "सांडलं की सांग. मागं फिरू."

जीप इतकी सावकाश चढत होती की मी शेजारून चालत होतो. पहिल्याच खडकावर अर्धा पेला लुगड्यावर सांडला. बाईंनी ओठ आवळले आणि डोळ्यांनीच मला गप्प केलं. पुढच्या वळणावर उरलेलंही गेलं.

वर पोचल्यावर मिस्त्रींनी आधी पेल्यात डोकावून पाहिलं. "पानी?"

"तहान लागली हुती. पिऊन टाकलं."

आई चाचपडत आली. लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरून रडायला लागली. मिस्त्री त्या ओल्या लुगड्याकडे बघत राहिले. मग रिकामा पेला पिशवीत टाकून हळूच म्हणाले,

"गुर्जी, येत्या रविवारी मोकळं हाय का?"