मुळ्ये सरांचा उत्तीर्ण संघ

गुणपत्रिका पाहून फुटबॉलचा संघ निवडणारा मनुष्य या देशात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. स्नेहलतागंजातील आमच्या इमारतीत खाली मी, निवृत्त वकील, आणि वर प्राध्यापक अरविंद मुळ्ये. दरवर्षी महाविद्यालय सुरू झाले की हे गृहस्थ जिन्यात मला अडवतात आणि मुलींच्या संघाचे त्या हंगामातील भवितव्य ऐकवतात.

"वकीलसाहेब, यंदा टीम एकदम बढिया! गोलकीपर मेरिटला येणार. दोन्ही बॅक बँकिंगमध्ये फर्स्ट क्लास. सेंटर फॉरवर्ड तेवढी जरा कच्ची आहे."

"धावायला?"

"नाही हो. सांख्यिकीत."

राऊच्या अलीकडे आमचे एक छोटेसे महाविद्यालय आहे. मुळ्ये तेथे अर्थशास्त्र शिकवतात आणि मी व्यवस्थापन समितीवर आहे. क्रीडाविभाग कोणाच्या तरी गळ्यात घालण्यासाठी जी बैठक भरली होती, तिला मुळ्ये गैरहजर होते. म्हणून तो त्यांच्या गळ्यात पडला. बाजू मांडण्याची संधी न देता घेतलेला हा निर्णय नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाला धरून नाही, असे मी प्राचार्यांना सविस्तर पत्राने कळवले होते. मुळ्ये मात्र दाद मागण्याऐवजी बाजारात गेले आणि शिट्टी घेऊन आले.

त्यानंतर त्यांनी एक नियम केला. त्याला ना विद्यापीठाचा आधार, ना शासनाचा. "आधी बाक, मग बॉल!" विद्यापीठाला पंचाहत्तर टक्के हजेरी पुरते, मुळ्यांना नव्वद लागते. जी वर्गात बसणार नाही ती मैदानावर उभी राहणार नाही, मग ती चेंडू नाकावर नाचवीत का येईना.

परिणाम व्हायचा तोच झाला. ज्यांना खेळता येत होते त्या मुली दुसऱ्या महाविद्यालयांत गेल्या. ज्यांना अभ्यास येत होता त्या आमच्या संघात राहिल्या. गोलरक्षक ऋजुता ही चेंडू अंगावर आला की डोळे मिटून दोन्ही हात पुढे करते. लांबून पाहणाऱ्यास ती तीर्थ घेत आहे असे वाटते. सामना हरून आल्यावर मुळ्ये जिन्यात भेटत, आणि मी निकाल विचारला की त्यांचा लाडका शब्द बाहेर पडे.

"तत्त्वतः बरोबरी झाली."

"म्हणजे?"

"पाच-शून्य. पण दुसऱ्या हाफमध्ये त्या दमल्या होत्या, आपल्या नाही."

हरण्याचा हा क्रम अखंड चालू असताना एक चमत्कार घडला. संघातली एकही मुलगी नापास होत नाही, ही वार्ता पालकांत पसरली. मग स्कूटरवरून वडील मंडळी येऊ लागली. एक गृहस्थ माझ्यासमक्ष मुळ्यांना म्हणाले, "सरजी, हमारी बिटिया को भी फुटबॉल में डाल दो."

"खेलती है क्या?"

"खेलने का तो पता नहीं. पढ़ने लग जाएगी."

खेळामुळे अभ्यास बुडतो अशी तक्रार सगळ्या जगात ऐकू येते. अभ्यास व्हावा म्हणून खेळायला पाठवतात ते फक्त आमच्याकडे.

यंदा मात्र प्रकरण पेटले. आमच्या समितीच्या अध्यक्षांचा त्या मैदानावर बरेच दिवस डोळा होता. बैठकीत ते म्हणाले, "मुळ्येजी, उस ग्राउंड पे आज तक गोल तो हुआ नहीं, खाली भैंसें चरती हैं. ब्लॉक लगवा के पार्किंग कर देते हैं." खेळासाठी राखलेल्या जमिनीचा वापर असा परस्पर बदलता येत नाही, हे मी पत्राने, कलमांसह, लाल शाईने अधोरेखित करून कळवले. त्यावर "नोंद घेतली" असा शेरा मारण्यात आला. हा शेरा मी आयुष्यभर पाहत आलो आहे; तो पाहिला की माझ्या कानशिलाची शीर उडू लागते. पुष्कळ वादावादीनंतर ठरले ते असे : आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत संघाने यंदा एक, निदान एक, सामना जिंकला तर मैदान राहील. नाहीतर दिवाळीनंतर पार्किंग.

मुळ्ये एवढेच म्हणाले, "एकच ना?" आणि उठून गेले. पत्नी गेल्यापासून या माणसाची प्रत्येक संध्याकाळ त्या मैदानावर जाते. रविवारी सुटी असते, तेव्हा गवत पाहायला जातो म्हणून सांगतात.

जिंकून देऊ शकेल अशी एकच मुलगी महाविद्यालयात होती. पायल मालवीय, तृतीय वर्ष. संघाबाहेर राहून ती संध्याकाळी मैदानाच्या कडेला चपला घालून एकटीच खेळत असे, आणि चेंडू तिचे ऐकत असे. मी स्वतः पाहिले आहे. पण खजराना गणपतीपाशी तिच्या आईचे फुलांचे दुकान. सकाळी तेथे गर्दी, म्हणून पायल तेथे; आणि मुळ्यांचा तास नेमका सकाळचा. हजेरी कमी, म्हणून संघाबाहेर. दोन हंगाम असेच गेले होते.

मी मुळ्यांना पत्र लिहून नियम शिथिल करण्याची मागणी केली आणि ते दारातून आत सरकवले. संध्याकाळी ते कठड्यावरून खाली वाकले.

"पत्र मिळालं."

"मग?"

"तत्त्वतः मान्य."

"म्हणजे खेळवणार तिला?"

"नाही."

माझा तोल गेला. "अहो, हा काय संसदेनं केलेला कायदा आहे? तुम्ही घरी बसून केलेला नियम! एका शिट्टीच्या जोरावर! मैदान जाईल तुमचं, मुळ्ये!"

"मी केलाय म्हणूनच तर पंचाईत आहे," ते शांतपणे म्हणाले. "दुसऱ्याचा असता तर पळवाट काढली असती. आजवर ज्या पोरींना मी बाहेर बसवलं, त्यांना काय सांगू? की तेव्हा ग्राउंड धोक्यात नव्हतं, म्हणून तुमच्यापुरता नियम खरा होता?"

प्रतिपक्षाने इतका चोख युक्तिवाद केला की कोर्टात मी पुढची तारीख मागून घेत असे. येथे ती सोय नव्हती. मी दार आपटून आत गेलो.

पुढच्याच आठवड्यात अध्यक्षांचा फोन आला. "वकील साहब, आपके मुळ्येजी क्लास खजराना में लगा रहे हैं. मंदिर के पास! पूरी हाजिरी बोगस है. आप जाके जाँच करो, आप किसी को छोड़ते नहीं हो." या शेवटच्या वाक्यातील प्रशंसा मी स्वीकारली आणि फाईल घेऊन निघालो.

दुकानाच्या मागे ताडपत्री अंथरलेली होती. तिच्यावर झेंडूचे ढीग, आणि ढिगांभोवती आमचा सबंध फुटबॉल संघ, सुई-दोरे घेऊन माळा ओवीत बसलेला. मध्यभागी मांडी घालून प्राध्यापक मुळ्ये. त्यांच्याही हातात सुई होती.

"तो बताओ," मुळ्ये विचारीत होते, "बुधवार को, गणपति के दिन, माला महँगी हो जाती है, फिर भी बिकती है. क्यों?"

"बुधवार को लोगों का भगवान से काम ज्यादा रहता है, सर," पायल म्हणाली.

"तत्त्वतः सही. परीक्षा में ऐसा मत लिखना."

"सरजी!" दुकानाच्या पुढून पायलची आई, गीताबाई, ओरडली. "बड़ा वाला गेंदा बीच में! रोज का समझाना पड़ता है. एक माला में आधा घंटा लगाते हो, ऊपर से टेढ़ी!"

"हाव, गीताबाई," असे म्हणून मुळ्यांनी निमूटपणे माळ उसवली.

मी घसा खाकरला. "मुळ्ये, हा काय प्रकार आहे?"

"या वकीलसाहेब! तास आहे. पायलला वर्गात येता येत नाही, म्हणून वर्ग इकडे आणला. एकट्या मुलीसाठी आणला तर ती शिकवणी झाली, म्हणून सगळ्यांना आणलं. सकाळी बसनं येतो आणि पुढच्या तासाला कॉलेजात परत जातो. ही प्राचार्यांची परवानगी."

मी कागद उजेडात धरून पाहिला. सही खरी होती, शिक्का खरा होता. नियमावलीत वर्गास भिंती असाव्यात असे कोठेही म्हटलेले नाही, हेही मला तेथे उभ्या उभ्या आठवले. मी हजेरी घेतली, सर्व उपस्थित. एखादी तरी खोट सापडावी म्हणून मी ऋजुताला दोन प्रश्न विचारले. तिने चार उत्तरे दिली.

"अंकल, बीच में खड़े मत रहो, ग्राहक रुक रहा है," गीताबाई म्हणाली. "बैठ जाओ. सुई पकड़ो."

मी आयुष्यात न्यायाधीशांखेरीज कोणाच्या सांगण्यावरून बसलेलो नाही. पण बसलो. अहवालात मी लिहिले की तास नियमानुसार भरतो आणि हजेरी अस्सल आहे. प्राध्यापकांची माळ वाकडी होते खरी, परंतु ती बाब समितीच्या कक्षेबाहेरची आहे.

पायलचे नव्वद टक्के भरेपर्यंत स्पर्धेतले आमचे सगळे सामने पार पडले होते आणि आम्ही ते तत्त्वतः जिंकलो होतो. उरला होता शेवटचा, आमच्याच मैदानावरचा. पालक झाडून आले होते. गीताबाई दुकान बंद ठेवून आली होती. अध्यक्ष खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांच्या शेजारी चक्क ब्लॉक बसवणारा ठेकेदार होता. त्याच्या उपस्थितीस मी तोंडी हरकत नोंदवली.

शिट्टी झाली, आणि मुळ्ये मैदानाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"अहो, हे काय?"

"मी नेहमी असाच उभा राहतो. तुम्ही सांगा, काय चाललंय."

त्या दिवशी मी पहिल्यांदाच त्यांच्या संघाचा सामना पाहत होतो. निरुपायाने मी सांगू लागलो. "त्यांच्याकडे चेंडू आहे. पुढे येतायत. ऋजुतानं डोळे मिटले."

"मग?"

"हातातच बसला! देवाची कृपा."

"डोळे उघडायला सांगा तिला. पुढे?"

"पायलनं काढून घेतला. दोघींना चुकवलं. तिसरी आडवी आली..." पायल धाडकन पडली. गर्दीतून एकच आवाज निघाला.

मुळ्यांनी माझा दंड धरला. "कोण पडली? लागलं का? उठली का हो?"

"उठली."

"नक्की? लंगडत नाही ना?"

"स्वतः वळून पाहा की!"

"नाही बघवत," ते भिंतीला म्हणाले. त्यांची बोटे माझ्या दंडात रुतली होती. हरण्याची भीती म्हणून हा माणूस पाठ फिरवतो, असा माझा समज होता. हरण्याचे त्यांना काहीच वाटत नव्हते.

सामना संपत आला तरी गोल नव्हता, आणि बरोबरी म्हणजे पार्किंग. ठेकेदार नजरेने मैदानाची लांबी मोजू लागला होता. तेवढ्यात पायल पुन्हा निघाली. त्यांच्या निम्म्या मुली तिच्यावर धावून गेल्या, आणि तिने चेंडू स्वतः न मारता बाजूला ढकलला. तेथे आमची सेंटर फॉरवर्ड उभी होती, तीच, सांख्यिकीत कच्ची असलेली. ती ऑफसाइड असावी अशी शंका मला क्षणभर आली. परंतु पंचांचा निर्णय अंतिम असतो आणि त्यावर अपील चालत नाही, म्हणून मी गप्प राहिलो. तिने डोळे मिटून लाथ मारली.

"मुळ्ये! गोल! गोल झाला, वळा आता!"

पण पंचांची अखेरची शिट्टी होईपर्यंत ते वळले नाहीत. वळले तेव्हा सबंध संघ त्यांच्या अंगावर आला. गीताबाई रडत होती आणि हसत होती. कोणी जिलबीचा पुडा फोडला. "चलो, मान गए. ग्राउंड आपका," असे अध्यक्ष उदारपणे म्हणाले. मी त्यांना ते लेखी मागितले. कागद नव्हता, म्हणून जिलबीच्या पुड्याच्या कागदावर लिहून घेतले, आणि ठेकेदाराची साक्षीदार म्हणून सही घेतली.

मग पालकांच्या स्कूटरी एकेक करून सुरू झाल्या. मुली हात हलवीत गेल्या. मैदानावर मुळ्ये आणि मी उरलो. ते गवतावर बसले होते.

"आता पुढच्या वर्षी नुसता एक सामना नाही, चषक आणा," मी म्हणालो.

"पुढच्या वर्षी पायल कुठली? पास होईल ती. ऋजुताही जाईल. सगळ्या जातात." ते हसले. "दुसऱ्या कॉलेजांत चांगली खेळाडू एखाद्या विषयात अडकते हो. आणखी एक वर्ष राहते. आमच्याकडे कुणी अडकतच नाही. मीच तशी सोय करून ठेवलीय."

मी जिलबीच्या पुड्याचा तो कागद घडी करून खिशात ठेवला.

"चाचणीचे पेपर तपासताना कधी कधी हात थांबतो, वकीलसाहेब. वाटतं, हे उत्तर जरा कडक तपासावं. राहील पोरगी अजून एक वर्ष. ओरडत येईल, पाणी मागेल, सर, माझी केसांची क्लिप बघितली का म्हणून विचारेल." त्यांनी गवताची एक काडी उपटली. "मग देतो मार्क. जेवढे असतील तेवढे."

फाटकाशी पहारेकरी किल्ल्या वाजवीत उभा होता. "सरजी, अँधेरा हो गया. जीत गए ना? अब घर जाओ."

"हाव भिया, जातो," मुळ्ये म्हणाले, आणि उठले नाहीत.

सूर्यास्तानंतर मैदानावर कोणी थांबू नये, असा फलक त्या फाटकावर आहे. त्यातला मजकूर मीच समितीला लिहून दिलेला आहे. मी गवतावर रुमाल अंथरला आणि मुळ्यांच्या शेजारी बसलो.