पहिले डोया, मंग खिसा

भटूअण्णा भेटले की नमस्कार-चमत्कार नंतर. आधी ते तुमचा अंगठा मागतात. खिशातून शिंप्याची टेप निघते, तुमच्या उजव्या अंगठ्याची रुंदी मोजली जाते आणि पाठकोऱ्या कागदावर तुमच्या नावापुढे आकडा पडतो. नंदुरबारच्या बाजारात त्यांनी एका मिरचीवाल्या बाईचा अंगठा मोजला, तेव्हा तिला वाटलं सरकारचं काहीतरी नवीन निघालं. तिनं दुसऱ्या हाताचाही पुढे केला.

"फोटो बी लागस का?"

"नही माय. बटन करानं शे," अण्णा म्हणाले.

हे बटण सदऱ्याचं नव्हे, वेबसाइटचं.

अण्णांची उभी हयात एका कापडदुकानाची शोकेस सजवण्यात गेली. पुतळ्यांना साडी नेसवताना ते "वहिनी, जरा मान वर" असं अदबीनं म्हणायचे. दिवाळीत त्यांची काच बघायला शहाद्या-नवापूरचे लोक थांबत, आणि थांबले की आत येत. "पहिले डोया, मंग खिसा," हे त्यांचं ब्रीद. आधी डोळा जिंकायचा, खिसा आपोआप मागून येतो.

दुकानातून निवृत्त झाल्यावर ते माझ्या कॉम्प्युटर क्लासला आले आणि अकरावीच्या मुलींच्या बाकावर ऐसपैस बसले. एकदा मी अफिलिएट मार्केटिंग समजावत होतो. माल दुसऱ्याचा, गोदाम दुसऱ्याचं, पार्सल पाठवणाराही दुसराच. आपण आपल्या पानावर वस्तूची माहिती द्यायची आणि लिंक ठेवायची. वाचणाऱ्यानं त्या लिंकवरून खरेदी केली की आपल्याला थोडं कमिशन.

अण्णा ताडकन उठले. "म्हणजे आपलं काम फक्त शोकेसनं?"

"तसंच म्हणा."

"सर, हाई तं मन्हंच काम शे!"

आठ दिवसांत त्यांनी मिक्सर, कुकर आणि टॉर्चची वेबसाइट उभी केली. मी ती उघडली आणि दोन पावलं मागे सरकलो. जांभळ्या जमिनीवर पोपटी अक्षरं. वर तोरण, दोन्ही बाजूंना फडफडणाऱ्या समया. मिक्सर गरगर फिरत होता, कुकर खरोखरची शिट्टी देत होता. क्लासमधल्या सगळ्यात म्हाताऱ्या कॉम्प्युटरनं ते पान पाहून मान टाकली, ती दोन दिवस उचलली नाही.

"कसं शे?"

"अण्णा, विकत घ्यायचं बटण कुठंय?"

ते शोधायला लागले. तोरणामागे पाहिलं, समईखाली पाहिलं. त्यांना स्वतःलाच सापडेना.

"शोकेसमध्ये एका वेळी किती साड्या लावायचात?" मी विचारलं.

"एकच. ज्यास्ती लावी तं बाई एकबी नही दखस..." वाक्य अर्ध्यावर सोडून त्यांनी जीभ चावली.

मग त्यांनी सगळं उतरवलं. पांढरं स्वच्छ पान. एक वस्तू, एक मोठा फोटो. चष्मा घरी विसरलेल्यालाही वाचता येईल एवढी अक्षरं. रेंज डोंगरात अडकली तरी उघडेल असं हलकं वजन. आणि बटण बरोबर अंगठ्याखाली. त्यासाठीच ती टेप.

पान तपासायची त्यांची पद्धतही त्यांचीच. अक्कलकुव्याच्या बसस्टँडवर अनोळखी माणसाच्या हातात ते आपला मोबाइल द्यायचे आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बसायचे. डोळा फोटोवर जातो की भलतीकडेच, हे बघायला. एक गृहस्थ कुकरची माहिती वाचत वाचत बसमध्येच चढले आणि बस सुटली. अण्णा धावत आत घुसले, तिकीट काढलं, आणि माणसाला हाक न मारता शेजारी गपचूप बसले. खापरला उतरताना गृहस्थांच्या लक्षात आलं की फोन आपला नाही. अण्णांनी त्यांना मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी क्लासभर एकच घोष: "गाडीमां चढना, तरी पान सोडं नही! डिझाइन पास!"

लोक खरोखरच खरेदी करू लागले. अण्णा इस्त्रीच्या घडीसारखे ताठ चालू लागले.

आणि एक दिवस कोरीटच्या इंदूबाई पिशवीत मिक्सर घेऊन थेट क्लासमध्ये आल्या. शाळेत खिचडी शिजवणारी बाई. वेबसाइटवर अण्णांचा फोटो होता, त्यावरून विचारत विचारत पोचलेली. मिक्सरनं तिसऱ्याच दिवशी धूर काढला होता, आणि विकणारे बदलून द्यायला तयार नव्हते.

"अण्णा, तुमनं पान इतलं चांगलं दिखनं," ती शांतपणे म्हणाली, "माले वाटनं माल बी तसाच ऱ्हाई."

माल त्यांचा नव्हताच. तसं म्हणून हात झटकता आले असते. पण अण्णांचा चेहरा पडला. तो मिक्सर त्यांनी कधी हातातही धरला नव्हता. "दुकानमां बाई पदर चोयी दखे," ते चिमटीत कापड चोळल्यासारखं करत मला म्हणाले, "आठे ती फक्त मन्हावर भरोसा ठेवस."

दुपारच्या बसनं ते कोरीटला गेले, स्वतःच्या घरचा मिक्सर मांडीवर घेऊन. इंदूबाईंच्या ओट्यावर लसणाची चटणी वाटून दाखवली, तो तिथंच ठेवला आणि परत आले. सगळ्यात जास्त खपणारं ते पान त्यांनी त्याच दिवशी काढून टाकलं.

तेव्हापासून नियम झाला: पंधरा दिवस स्वतः वापरल्याशिवाय काही पानावर चढवायचं नाही. म्हणून ते गल्लीभर कुकर उसने मागत फिरतात. अण्णा दिसले की बायका कुकर पलंगाखाली सारतात. प्रत्येक वस्तूच्या फोटोखाली तिची खोडही लिहिलेली असते, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. 'शिट्टी चांगली, दांडा तापतो.' गंमत म्हणजे लोक त्यामुळे जास्तच वाचतात.

परवा दुपारी चारच्या सुमाराला मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेलो. अण्णा कडक इस्त्रीचा सदरा घालून, केस चोपून, कॉम्प्युटरसमोर ताठ बसले होते.

"कुठं निघालात?"

"कोठेच नही. चार ते सहा वाजेपावत लोके येतस." त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा दाखवला. त्या घडीला पान उघडून बसलेले: तीन.

मी हसलो. "अण्णा, त्यांना तुम्ही दिसत नाही."

"माले माहीत शे. पन पाव्हना शेतस, बनियनवर कसा बसू?"

त्यांचा पोरगा सुरतेला असतो. खोलीत खुर्ची एकच होती. मी पलंगाच्या कडेवर टेकलो.

"घरवाली गयी तव्हयपासून या दारमां कोनी येत नही, सर," ते सहज म्हणाले आणि पुन्हा आकड्याकडे वळले. तिनाचे दोन झाले. दोनाचा एक. मग शून्य. त्यांनी सदऱ्याची बाही नीट केली आणि वाट बघत बसले.

हल्ली मी साडेचारला कुठंही असलो तरी मोबाइलवर त्यांचं कुकरचं पान उघडतो. हळूहळू खालपर्यंत वाचतो, परत वर जातो. मला कुकर घ्यायचा नाही, घरात दोन आहेत. थोडा वेळ बसतो, एवढंच.