किमान आंबटपणा

आमच्या भागातल्या दुकानात आंबट बिअर मिळेनाशी झाली, ही बाब मी संबंधित कार्यालयाच्या निदर्शनास आणून दिली. पुढे जे घडलं त्याला मी कितपत जबाबदार आहे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ताईच्या मते पूर्णपणे.

आंबट बिअर म्हणजे बिघडलेली बिअर नव्हे. ती मुद्दाम आंबट करतात. माझ्या आवडीच्या तीन. 'एकाकी बगळा' लाकडी पिंपात चेरींबरोबर मुरवतात. पहिल्या घोटाला डावा डोळा आपोआप मिटतो. 'मिठागर' किंचित खारट, धण्याच्या वासाची. 'तिसरी घंटा' इतकी आंबट, की ती प्यायल्यावर काही वेळ माणसाचे कोणाशीही मतभेद राहत नाहीत, कारण तोंडच उघडत नाही.

मी नोकरीभर छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका काढता काढता स्वतःचं मत असं काही फारसं उरलं नाही. पडद्यांचा रंग ताई ठरवते. आंघोळीला गरम पाणी घ्यावं की कोमट, हेही तीच ठरवते. आंबट बिअर मात्र मला कोणीही न सांगता आवडली. खात्रीने माझी म्हणावी अशी ही एकच आवड असल्यामुळे तिच्यासाठी थोडी खटपट करणं मला भाग होतं.

दुकानदार मोकळ्या स्वभावाचा. मी दारात दिसलो की भर गर्दीत म्हणायचा, "या, आले आमचे आंबटशौकीन." सगळं दुकान वळून बघायचं. मी पुस्तकांची पिशवी छातीशी धरून छताकडे बघत राहायचो.

"बगळा आहे का?" मी त्या दिवशी विचारलं.

"होता. परत पाठवला."

"का हो?"

"एका गिऱ्हाइकाने नेला आणि लगेच परत घेऊन आला. म्हणे, आंबलाय."

"अहो, पण तो आंबटच असतो."

"मीही तेच सांगितलं. तर म्हणतो कसा, म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं? काका, यावर काय बोलणार? आंबलेला माल परत पाठवायचा, असा वरून नियम आहे. मिठागर पण गेली. घंटेची तर मी पेटीच उघडली नाही, तशीच पाठवली."

"मग मी काय पिऊ?"

"साधी घ्या आणि वर लिंबू पिळा."

हा पाणउतारा मी मुकाट्याने गिळला आणि दुसऱ्या दिवशी पेय गुणवत्ता नियंत्रण कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या बाई संत्रं सोलत होत्या.

"तक्रार काय?"

"तक्रार नाही. आंबट बिअर चांगली असते, ती परत पाठवू नये, एवढंच सांगायचं होतं."

"आजोबा, ही तक्रारींची खिडकी आहे."

"चांगलं सांगायची कुठे आहे?"

बाईंनी मागच्या टेबलावरच्या गृहस्थांकडे पाहिलं. ते जरा आठवून म्हणाले, "तसं कोणी आलं नाही कधी."

"असं बघा," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "सध्या दुकानात मिळते ती बिअर आंबट आहे का?"

"नाही ना."

"आणि तुम्हाला आंबट हवी."

"हो."

"म्हणजे बाजारातली बिअर पुरेशी आंबट नाही, अशी तुमची तक्रार आहे. करा सही."

मला ते वाक्य कुठेतरी खटकलं. पण व्याकरणदृष्ट्या त्यात काही दोष नव्हता, आणि माझ्यामागे लोक खोळंबले होते. मी सही केली.

कार्यालयाने तक्रारीची गंभीर दखल घेतली. बाजारातल्या सर्व बिअरची तपासणी झाली आणि तीत आंबटपणाचा चिंताजनक अभाव आढळून आला. बिअरला किमान आंबटपणा सक्तीचा झाला. तो मोजायला यंत्र नव्हतं, म्हणून निरीक्षकांचं तोंड किती वाकडं होतं ते बघायचं ठरलं. मान्यताप्राप्त वाकड्या तोंडाचं छायाचित्र प्रत्येक कारखान्यात भिंतीवर लागलं. एका निरीक्षकाचं तोंड जन्मतःच तसं होतं. त्यांनी पाण्याची बाटलीसुद्धा उत्तीर्ण केली, तेव्हा त्यांना बढती देऊन स्वागतकक्षात नेमण्यात आलं.

साध्या बिअरवाल्यांची पंचाईत झाली. कोणी पेट्या उन्हात ठेवल्या, कोणी सरळ व्हिनेगर ओतलं. लोकांनी आठवडाभर आरडाओरडा केला आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला ही पहिल्यापासून आवडत होती. न्हावी माझ्या गळ्याशी वस्तरा धरून म्हणाला, "खरं सांगतो काका, आता ती गुळमट बिअर घशाखाली उतरत नाही." बगळा परत करून गेलेल्या त्या गिऱ्हाइकाने 'आंबटपणा कसा अनुभवावा' या विषयावर शिकवणी सुरू केली. दोन्ही तुकड्या भरल्या.

आणि बगळा परत आला. दुकानात छतापर्यंत पेट्या लागल्या. मी गेलो तर मला कोणी आंबटशौकीन म्हटलं नाही. तिथे सगळेच तसले होते. मी पिशवीत मावतील तितक्या बाटल्या घरी आणल्या. त्याच संध्याकाळी एक प्यायलो. डावा डोळा मिटला. खिडकीतून पाहिलं तर समोरच्या गच्चीवर शेजाऱ्यांचं सगळं कुटुंब एक डोळा मिटून बसलं होतं.

बाकीच्या बाटल्या फ्रीजमध्येच राहिल्या.

"या बाटल्यांमागे दूध सापडत नाही मला," ताई एका सकाळी म्हणाली. "पीत का नाहीस?"

"पूर्वीसारखी करत नाहीत गं आता."

ताईने एक बाटली उघडून घोट घेतला. तिचाही डावा डोळा मिटला. "तशीच तर आहे."

"तुला काय माहीत पूर्वी कशी होती?"

"तुझ्या बाटलीतली तळाची कोण संपवत होतं इतकी वर्षं? अरे, मलाही आवडते, समोरच्यांनाही आवडते. तुझं काय जातं त्यात?"

मी पुस्तक उघडलं आणि एकच ओळ बराच वेळ वाचत बसलो.

त्याच सुमारास शिंप्याने पाटलोणीची उंची घेताना गुडघ्याशी बसून हळूच सांगितलं, की लोहाराच्या भट्टीमागे एक माणूस साधी बिअर विकतो. अजिबात आंबट नसलेली. साठा थोडा. साधी बिअर मला कधीच आवडली नाही. ती प्यायलं की ओल्या पुठ्ठ्याची आठवण येते. तरी मी गेलो. नुसतं बघायला, असं ताईला सांगून.

भट्टीमागे लांबलचक रांग होती. सगळे खाली मान घालून उभे. माझ्या पुढे तक्रारींच्या खिडकीतल्या बाई होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही, किंवा ओळखून तसं दाखवलं नाही.

"थेंबभरही आंबट नाही म्हणे," त्या कुजबुजल्या. "आजोबा, तुम्हालाही साधीच आवडते वाटतं?"

"पहिल्यापासून," मी म्हणालो. आणि सांगायला लाज वाटते, पण ते म्हणताना मला अगदी मनापासून खात्री वाटली.

इतक्यात माझ्यामागे कोणीतरी येऊन उभं राहिलं. मी वळून पाहिलं. वाचकहो, राग मानू नका, पण ते तुम्ही होता. इथे काय मिळतं, हे तुम्ही विचारलं नाहीत. माणशी किती देतात, एवढंच विचारलंत.