द्वारकाबाईंचा सकाळचा पाठलाग

एका जंगलात, मुलांनो, कुणालाच पळायचं कारण उरलं नव्हतं.

पूर्वी तिथे सगळे पळायचे. हरणं वाघाच्या पुढे पळायची, वाघ हरणांच्या मागे पळायचा, आणि कोण कशासाठी पळतंय हे न कळल्यामुळे ससे दोघांच्याही आधी पळायचे. मग जंगलाच्या कडेला माणसांनी एक मंगल कार्यालय बांधलं. तिथे लग्नं व्हायची. लग्नं नसतील तेव्हा साखरपुडे, मुंजी, बारशी आणि साठीशांती व्हायच्या. प्रत्येक पंगतीनंतर मागच्या दारानं उरलेलं अन्न ओतलं जायचं. मसालेभात, पुऱ्या, जिलेबी, बासुंदी. पहिल्या दिवशी त्या ढिगाशी एकटा कोल्हा गेला. महिन्याभरात सगळं जंगल रांगेत उभं राहिलं.

वाघसुद्धा. धुरंधरराव त्यांचं नाव. पहिले दोन दिवस त्यांनी गुलाबजाम नुसता हुंगला. तिसऱ्या दिवशी एक चाखला. त्यानंतर त्यांनी शिकारीचा विषय काढला नाही.

अशा रीतीनं जंगलात सुख आलं. सुख आधी पोटावर दिसतं, मग मानेवर, मग चालण्यात. पण तिथे कुणी कुणाला जाड म्हणत नसे. 'अंग धरलंय' म्हणत. 'तब्येत सुधारली' म्हणत. फारच झालं तर 'खात्यापित्या घरचे आहेत' म्हणत.

द्वारकाबाई सांबरीण अशाच खात्यापित्या घरच्या होत्या. वय मध्यम, स्वभाव भिडस्त. कुणी आग्रह केला की त्यांना नाही म्हणता येत नसे, आणि आग्रहाला त्या जंगलात तोटा नव्हता. एके दिवशी टेकडी चढताना त्या वाटेत तीनदा थांबल्या. तिसऱ्यांदा थांबल्या तेव्हा शेजारून एक गोगलगाय पुढे गेली. तिनं वळून पाहिलं, आणि ते द्वारकाबाईंना लागलं.

त्या तशाच माघारी फिरल्या आणि सुतारवैद्यांकडे गेल्या. हा एक म्हातारा सुतारपक्षी होता. तो रोग्याच्या छातीवर चोचीनं टकटक करायचा आणि कान लावून ऐकायचा.

"श्वास घ्या," वैद्य म्हणाले. "सोडा. अहो, सोडा म्हटलं."

"सोडलाच आहे," द्वारकाबाई म्हणाल्या. "एवढाच होता."

वैद्यांनी पुन्हा टकटक केली आणि डोकं हलवलं. "झाड बाहेरून भरदार दिसतं, पण आत काय चाललंय ते माझ्या चोचीला कळतं. तुमचं हृदय पूर्वीएवढंच आहे, द्वारकाबाई. त्याच्याकडचं काम मात्र दुप्पट झालंय. त्यातून रक्ताच्या वाटा आतून चरबीनं बुजत चालल्यात. रक्ताचा दाब वाढलाय, साखर वाढलीय. हृदय बिचारं तक्रार करत नाही. एक दिवस नुसतं थांबतं."

"माझं एकटीचंच असं आहे का?"

"छे. गेल्या महिन्यात मी सगळ्या वयात आलेल्यांना तपासलं. दहातले सहा असेच आहेत."

हे ऐकून द्वारकाबाईंना बरं वाटलं. मुलांनो, आपलं दुखणं सगळ्यांनाच आहे हे कळलं की ते निम्मं बरं होतं. उरलेल्या निम्म्यानं जीव जातो.

"औषध काय?" त्यांनी विचारलं.

"मंगल कार्यालय बंद करा, गवत सुरू करा. आणि रोज सकाळी पळा."

"कुणाच्या मागे?"

"तुम्ही सांबर आहात, द्वारकाबाई. तुम्हाला पुढे पळायचंय."

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईंनी गवत खाल्लं. दुपारपर्यंत ही बातमी जाऊबाईंना कळली आणि त्या पळसाच्या पानात बासुंदी घेऊन हजर झाल्या.

"आमचं काही चुकलं का?" जाऊबाई म्हणाल्या. "चेहरा किती उतरलाय तुमचा."

"वैद्यांनी नको म्हटलंय हो."

"वैद्यांचं सोडा. ते पाखरू, पिसासारखं हलकं. त्यांना काय कळणार? मी एवढ्या लांबून आणलीय."

द्वारकाबाईंनी जाऊबाईंच्या समाधानापुरती घेतली. जाऊबाईंचं समाधान व्हायला तीन पानं लागली.

पळण्याचंही तसंच झालं. त्या सकाळी जेमतेम वडापासून पिंपळापर्यंत पळाल्या, तर त्यांना पाहून ससे पळाले, सशांना पाहून मोर ओरडले, आणि रानडुकरांच्या घोळक्यात चेंगराचेंगरी झाली. संध्याकाळी त्यांना जंगल समितीपुढे बोलावण्यात आलं. समितीचे अध्यक्ष होते नागोजीराव गवा. द्वारकाबाई आणि ते लहानपणी एकाच माळावर चरलेले. तेव्हा नागोजीराव असे धावायचे की मागे धूळ उठायची आणि द्वारकाबाई त्या धुळीत शिंकायच्या. आता ते बसलेले असले तरी धापा टाकत होते.

"द्वारकाबाई, तुम्ही पळालात?"

"हो, अध्यक्षसाहेब. तब्येतीसाठी."

"तब्येतीसाठी बसून राहावं. पळाल्यानं अफवा पसरतात."

सुतारवैद्य फांदीवरून म्हणाले, "साहेब, माझा अहवाल वाचलात का? दहातले सहा जण—"

"वाचला," नागोजीराव म्हणाले. "समितीनं त्यावर विचारही केला. दहातले सहा ज्या मापाचे आहेत, तेच योग्य माप. उरलेले चार कुपोषित आहेत. त्यांना उद्यापासून जास्तीची जिलेबी मंजूर झालीय."

टाळ्या पडल्या. नागोजीरावांनी डावा खांदा झाडाला घासला.

"खांदा दुखतोय का?" वैद्यांनी विचारलं.

"पित्त आहे. ओवा खाल्ला की बरं वाटतं."

"एकदा तपासू द्या."

"लग्नसराई संपू दे. मग निवांत बघू."

लग्नसराई संपायच्या आत नागोजीरावांचा सत्कार ठरला. जंगलातलं सर्वांत वजनदार नेतृत्व म्हणून त्यांची पेढेतुला करायची होती. वडाच्या फांदीला मोठा तराजू बांधला. एका पारड्यात पेढे रचले. ते कमी पडले म्हणून वर लाडू ठेवले. माकडांनी हार आणले. मग नागोजीराव दुसऱ्या पारड्याकडे निघाले. मध्ये फक्त तीन पायऱ्या होत्या.

पहिली ते चढले. दुसरीवर थांबले आणि समोर बसलेल्या द्वारकाबाईंकडे पाहून जरासं हसले. "पित्त," ते म्हणाले. तिसऱ्या पायरीवर त्यांनी गुडघे टेकले. सगळ्यांना वाटलं, अध्यक्ष नमस्कार करतायत, म्हणून पुन्हा टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या तरी ते उठले नाहीत.

सुतारवैद्यांनी छातीवर टकटक केली. बराच वेळ कान लावला. मग ते फांदीवर जाऊन बसले.

तिथेच शोकसभा झाली. सगळे जमलेलेच होते. नागोजीराव शेवटपर्यंत कसे पोटभर जेवत होते, यावर सात भाषणं झाली. नंतर, अन्न वाया जाऊ नये म्हणून पेढे वाटले. जाऊबाईंनी द्वारकाबाईंच्या पुढ्यात दोन ठेवले. "त्यांच्या आत्म्याला बरं वाटेल," त्या म्हणाल्या.

द्वारकाबाईंनी पेढ्यांकडे पाहिलं. त्यांना ती माळावरची धूळ आठवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी जाऊबाईंनी वाढलेलं तसंच ठेवलं आणि त्या उठून गेल्या.

त्या थेट वाघाच्या गुहेपाशी गेल्या. धुरंधरराव उंबराखाली आडवे पडले होते. शेपटीनं माशी हाकलून त्यांना दम लागला होता.

"कोण, द्वारकाबाई? या, बसा. उठत नाही, राग मानू नका."

"मी बसायला नाही आले. वैद्यबुवांनी तुम्हालाही तपासलंय, हे मला ठाऊक आहे."

वाघाचा चेहरा पडला. "हळू बोला. माझंही ते तसंच आहे म्हणाले. पळा म्हणाले. पण वाघानं उगाच पळायचं? लोकांना वाटेल, घाबरून पळतोय."

"मला एकटीला पळता येत नाही. सगळे थांबवतात. मागे कुणी असलं तर कोण थांबवणार?" द्वारकाबाई म्हणाल्या. "उद्यापासून सकाळी तुम्ही माझ्या मागे लागा."

धुरंधरराव कोपरावर उठून बसले. "आणि पकडलं तर?"

"तुम्ही?"

वाघानं स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "बरोबर आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाठलाग सुरू झाला. पहिल्या दिवशी दोघं चाळीस पावलं पळाले आणि एकाच दगडाला टेकून बसले. वाघानं पाण्याची चौकशी केली. द्वारकाबाईंनी त्याला झरा दाखवला. बोलण्याइतका श्वास कुणाकडेच नव्हता.

आठवड्यानं ते शंभर पावलांवर गेले. महिन्यानं टेकडीच्या पायथ्याशी. जाऊबाई वाटेत पान घेऊन उभ्या राहायच्या, पण मागून येणारा वाघ पाहून पान टाकून निघून जायच्या. वाघानंही गोड सोडलं. पळताना पोट हिंदकळतं, अशी त्याची तक्रार होती. दोघांची छान ओळख झाली. धापा टाकता टाकता ते एकमेकांच्या प्रकृतीची चौकशी करत.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी द्वारकाबाई पळत होत्या आणि त्यांना मागून धाप ऐकू आली नाही. त्यांना वाटलं, धुरंधरराव मागे राहिले. त्यांनी वळून पाहिलं.

वाघ दोन उड्यांवर होता. त्याचे डोळे अगदी गप्प होते. ओळखीचं काहीच त्यांत नव्हतं.

मग मात्र द्वारकाबाई पळाल्या. हे पळणं तब्येतीसाठी नव्हतं. काटे लागले, दगड निसटले. एक पंजा मांडीला घासून गेला. टेकडीचा चढ आला तेव्हा त्यांना आठवलंसुद्धा नाही की इथे आपण थांबत होतो. त्या थेट माथ्यावर पोचल्या. तिथे उभ्या राहिल्यावर त्यांना कळलं की हृदय धडधडतंय, पण दमलेलं नाही.

खालून धुरंधररावांचा आवाज आला. "द्वारकाबाई, माफ करा. जरा वाहवत गेलो."

"असू दे," द्वारकाबाई वरून म्हणाल्या. "तुमची प्रकृती पार सुधारली म्हणायची."

"तुमच्याच कृपेनं. तुम्हाला लागलं का फार?"

"थोडं."

वाघ जरा वेळ पंजा चाटत बसला. "मग उद्या?"

द्वारकाबाईंनी खाली पाहिलं. घरी बासुंदी होती, माया होती, बसून राहायला सांगणारे चांगले शेजारी होते.

"उद्या अर्धा तास लवकर," त्या म्हणाल्या. "आणि वीस पावलं मागून निघायचं."

वाघाला शिकार आठवली, ही गोष्ट लपून राहिली नाही. आठवड्याभरात सगळं जंगल पळायला लागलं. ससे पळाले, रानडुकरं पळाली. समितीची बैठकही चालता चालता होऊ लागली. मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराशी जिलेबीवर माशा बसू लागल्या. वर्षाअखेरीस सुतारवैद्यांनी पुन्हा सगळ्यांना तपासलं. दहातला एकच जाड निघाला. हृदयविकारानं वर्षभरात कुणीही गेलं नव्हतं. काही जण तपासणीला हजर राहू शकले नाहीत, पण त्यांची कारणं वेगळी होती. जाऊबाईही त्यांतच होत्या. त्या सकाळी त्यांना बासुंदीचं पान खाली टाकवलं नव्हतं.

द्वारकाबाई त्यांच्यासाठी खूप रडल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्या वेळेवर पळायला गेल्या.

तात्पर्य: ज्यांचा आपल्यावर जीव असतो, ते आपल्याला खाऊ घालतात. हृदय ठणठणीत ठेवायचं असेल, तर आपल्या जिवावर टपलेल्या एकाशी तरी रोज सकाळी संबंध ठेवावा.