खोब्रागडे काका आणि साथी

सिनेमा संपला की लोक दाराकडे धावतात. आमचे खोब्रागडे काका उभे राहतात. हात बाजूला, मान ताठ, राष्ट्रगीत सुरू असल्यासारखे. पडद्यावर खालून वर नावं सरकायला लागतात आणि काका ती मोठ्यानं वाचायला लागतात. हिरो-हिरोइनची नावं ते सोडून देतात. "त्यायले तं दुनिया ओळखते," म्हणतात. त्यांना पाहिजे असतात दिवे धरणारे, कपडे शिवणारे, खुर्च्या उचलणारे. झाडूवाली बाई रांगेच्या टोकाशी खोळंबून असते. नावं भरभर सरकली तर काका मागं वळून उंचावरच्या त्या छोट्या खिडकीकडे ओरडतात, "हळू चालवा ना भाऊ! मानसं आहेत ते, मालगाडीचे डबे नाही!"

एकदा मी आणि माझा लहान मुलगा त्यांच्यासोबत गेलो होतो. मुलाला घाईची लागलेली. मी म्हटलं, "काका, चला ना आता."

"थांब वं बाई, चहावाल्याचं नाव येऊन राहिलं."

चहावाल्याचं नाव आलं. तोवर मुलाचं काम सीटवरच झालं होतं.

काका सक्करदऱ्याला आमच्या शेजारी एकटेच राहतात. रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरी करून रिटायर झाले. मुलगा पुण्याला असतो. तिथं काकांना करमत नाही, कारण म्हणे तिथल्या सोसायटीत गणपतीची रांगोळी कुणी काढली हे विचारलं तर लोक 'कमिटीनं' असं सांगतात. "कमिटीले हात असते का वं?" काका मला विचारतात.

त्यांचा जगाला एकच प्रश्न आहे: "हे कोनाचं?" आमच्याकडे जेवायला आले आणि कोथिंबीर भरलेली सांबारवडी आवडली. "कोनं केली?"

"बाहेरून आणली, काका."

"बाहेरून म्हंजे? बाहेरच्या बाईले नाव नाही काय?"

शेवटी मी दुकानात फोन लावून विचारलं. दुकानदाराला वाटलं वडीत केस निघाला. त्यानं घाबरून पैसे परत करायची तयारी दाखवली.

एका वरातीत तर त्यांनी डीजेची गाडीच थांबवली. चाल कुणाची, म्हणून. डीजेवाला म्हणाला, "काका, रिमिक्स आहे."

"हाव, पन मिक्स कोनाचं कोनाचं आहे?"

घोडा थांबला, नवरदेव थांबला, मुहूर्त थांबला. डीजेवाल्यानं मोबाइलवर शोधून चालीचा मालक सांगितला, तेव्हा वरात पुढे सरकली. काका सगळ्यांपुढं नाचत होते.

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी कुणी तरी कविता टाकतं, आणि खाली काकांचं असतंच: "कवी कोन?" एकदा ग्रुपचे अ‍ॅडमिन देशमुख साहेब वैतागून म्हणाले, "अनामिक."

काका म्हणाले, "अनामिक साहेबांचा नंबर पाठवा."

देशमुखांनी त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. पुढं काही दिवसांनी देशमुखांनी स्वतः लिहिलेली आईवरची कविता, गाव फिरून, बिननावाची, गुलाबाच्या फुलासकट ग्रुपवर परत आली. सगळ्यांनी हात जोडले, बदाम पाठवले. कुणाची म्हणून एकानंही विचारलं नाही. देशमुखांनी दुपारच्या आत काकांना परत ग्रुपमध्ये घेतलं.

तर अशा माणसाच्या गल्लीच्या वळणावर भाऊंनी भिंत रंगवून घेतली. भाऊ म्हणजे आमचे भावी नगरसेवक. कित्येक वर्षं ते बॅनरवर भावीच आहेत. चित्र मात्र देखणं झालं होतं. लालभडक मिरच्यांचा पसरलेला ढीग, आणि त्यात बसून देठ खुडणाऱ्या बाया. त्यांच्या नाकातोंडावर बांधलेले पदर बघून आपल्यालाच शिंक यावी. खाली भाऊंचा हात जोडलेला फोटो. संकल्पना: भाऊ. प्रेरणा: भाऊंच्या सौभाग्यवती. सहकार्य: भाऊंचा साळा. साळ्यानं सहकार्य एवढंच केलं होतं की बाइक दुसऱ्या भिंतीला लावली होती.

काका तिथं थांबले नसते तरच नवल. कोपऱ्यात एक मुलगी ब्रश धूत होती.

"पोरी, चित्र कोनाचं?"

"माझंच, आजोबा." तिचं नाव प्रणाली. भिवापूरची. तिची आई मिरच्या खुडायच्या कामाला जायची, त्या बायांमधली एक तीच होती.

"मंग नाव काहून नाही?"

"राहू द्या ना. भाऊ नाराज झाले तर पुढची भिंत हातची जाईल."

काका 'बरं' म्हणाले आणि माझ्यासोबत घराकडे वळले. ते इतक्या लवकर मानले म्हणून मला धास्ती वाटली, आणि ती खरी ठरली. संध्याकाळी ते भाऊंच्या ऑफिसात जाऊन बसले.

"भाऊ, लोकं म्हणून राहिले, चित्र तुमीच काढलं."

भाऊ लाजले. नाही म्हणाले नाहीत.

"मास्तरीनबाई म्हनत होत्या, उद्घाटनाले भाऊनं पोरायसमोर एक चित्र काढून दाखवावं. ब्रश मी आनतो."

मास्तरीणबाई म्हणजे मी. मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

भाऊंच्या कपाळाला घाम आला. "काका, मले शाळेत आंबाही काढता येत नव्हता."

"मंग ज्यानं काढलं त्याचं नाव टाकून द्या. तुमच्यामागची कटकट जाईन."

उद्घाटनाला मंडप, माइक, तर्री-पोहे, सगळं होतं. प्रणालीची आई भिवापूरहून आली होती आणि चित्रातल्या स्वतःकडे तोंडाला पदर लावून बघत होती. भाऊंनी पडदा ओढला. फोटोच्या खाली नवी ओळ होती. 'चित्रकार: प्रणाली आणि साथी'. टाळ्या पडल्या. साथी, म्हणजे प्रणालीला भिंत रंगवायला मदत करणारे तिचे दोघं मित्र, बाजूला पोहे खात होते.

मी काकांकडे पाहिलं. ते ओळ वाचत होते. मग पोह्यांची प्लेट अर्धीच खाऊन खाली ठेवली आणि घराकडे चालू लागले. मला वाटलं, तिखट तर्री लागली. मी मागोमाग गेले.

"काय झालं, काका? नाव तर आलं."

"आलं ना. चांगलं झालं." पोर्चमधल्या खुर्चीत बसून त्यांनी मोबाइल काढला. "एक गानं आयक."

जुनं भीमगीत होतं. जयंतीला आमच्याकडे प्रत्येक वस्तीत वाजतं ते. गायकाचा खडा आवाज, आणि मागून बायांचा.

"गायक कोन?"

मी नाव सांगितलं.

"आन् मागं?"

"मागं... कोरस."

"कॅसेटवर लिवलं होतं, आणि साथी," काका म्हणाले. "त्यातली एक माही बायको आहे."

आम्ही इथं राहायला येण्याआधीच काकू गेल्या होत्या. मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं होतं.

"रेकॉर्डिंगहून आली तं घसा बसला होता, पन लय खूश. मंग कॅसेट आली. कव्हर उलटून पाह्यलं, पालटून पाह्यलं. म्हने, साथी तं साथी, आवाज तं माहाच आहे ना." काकांनी मोबाइलची काच शर्टाला पुसली. "तिले काही वाटलं नाही वं. मलेच वाटते."

त्यांनी गाणं मागं नेलं. "आता आयक. कडवं संपते तवा साऱ्या संगच थांबतात. माही बायको जराशी मागं राहते."

मला काही कळलं नाही. तसं सांगितलं. ते रागावले नाहीत, पुन्हा लावलं. मी डोळे मिटले. सगळे आवाज एकदम थांबले, आणि त्यांच्यामागून एक बारीक आवाज, पाऊल चुकल्यासारखा, क्षणभर एकटाच राहिला.

"आला!" मी ओरडले.

काका लहान मुलासारखे हसले.

"काकूंचं नाव काय हो?"

ते खुर्चीत सरळ झाले. "सुशीला पुरुषोत्तम खोब्रागडे." मग हळूच म्हणाले, "माहेरची रामटेके."

मी परत भिंतीपाशी गेले आणि प्रणालीला बाजूला घेऊन काकूंच्या कॅसेटचं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "माझ्या ध्यानातच नाही आलं, मॅडम." तिनं त्या दोघांना हाक मारली, ब्रश त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, आपापलं लिहा. दोघं पोह्यांचे हात पँटला पुसत बराच वेळ एकमेकांना 'तू आधी, तू आधी' करत राहिले.

काका बघायला आले नाहीत. त्यांच्या पोर्चमधून तेच गाणं ऐकू येत होतं. कडवं संपायचं, थोडं मागं जायचं, पुन्हा संपायचं.